बंदिश कोणाची? : डॉ. प्रभा अत्रे यांच्या रचनाकारत्वाचा विचार

२०२४ साली महाशिवरात्र ८ मार्चला होती. त्या दिवशी हरिहरेश्वरात दर्शनाची रांग पहाटेपासून लागते आणि संध्याकाळ उलटल्यावरच गाव जरा मोकळे होते. मग गावातल्या एका घरी ओटीवर गाण्याची छोटी बैठक भरते. पेटी-तबला ओळखीतलाच असतो, श्रोते पंचवीस-तीस. त्या वर्षी श्रीवर्धनहून आलेली अकरावीतली एक मुलगी मारू बिहाग गायली. विलंबित तिने थोडक्यात आटोपले आणि 'जागू मैं सारी रैना' ही द्रुत बंदिश धरली. आवाज कोवळा, तयारी बेताची, पण मुखडा घेऊन समेवर येताना ती चुकत नव्हती. दोन-तीन आवर्तनांतच ओटीवरच्या लोकांच्या माना हलू लागल्या. निवेदन करणाऱ्या गृहस्थांनी आधीच सांगून टाकले होते, "आता ऐकू या मारू बिहागातली एक पारंपरिक बंदिश."

गाणे संपल्यावर मी त्या मुलीला विचारले, "ही बंदिश कोणाची, ठाऊक आहे का गं?"

ती म्हणाली, "आमच्या सरांनी शिकवलीय, काका. जुनीच आहे ना ती?"

त्या बंदिशीच्या रचनाकार डॉ. प्रभा अत्रे यांचे निधन होऊन तेव्हा जेमतेम आठ आठवडे झाले होते. १३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या. वर्तमानपत्रांतून मजकूर भरपूर आला. 'किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका' हे शब्द त्यातल्या बहुतेक मथळ्यांत होते आणि पद्मश्री (१९९०), पद्मभूषण (२००२), पद्मविभूषण (२०२२) ही चढती कमान त्याखाली. त्यांनी निर्माण केलेल्या रागांची नावे एखाद्या ओळीत उरकली होती. बंदिशींचा उल्लेख बहुधा 'त्यांनी अनेक बंदिशीही रचल्या' इतकाच. त्या 'ही'मध्ये काहीतरी मोठे निसटते आहे, असे मला तेव्हा वाटले आणि महाशिवरात्रीच्या रात्री त्याची खात्री पटली.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. प्रभा अत्रे यांना आपण गायिका म्हणून नीट ऐकले, पण रचनाकार म्हणून वाचलेच नाही. हे दुर्लक्ष एका व्यक्तीपुरते नाही. ख्यालसंगीतात रचनाकार म्हणजे कोण, हे आपण अजून ठरवलेले नाही, म्हणून ते घडते. मी संगीताचा प्राध्यापक नाही, रंगमंचावरचा गायकही नाही. पुस्तके, तबकड्या आणि कॅसेटी यांच्या आधाराने जे शिकलो तेवढ्यावर हा विचार उभा आहे.

सुरुवात जरा दूरवरून करतो. 'रचनाकार' ही कल्पना आपल्याकडे पश्चिमेकडून आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. त्याने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात वाग्गेयकाराची व्याख्या आहे. वाक् म्हणजे शब्द, त्याला तो 'मातु' म्हणतो. गेय म्हणजे स्वररचना, तिला तो 'धातु' म्हणतो. दोन्ही करणारा तो वाग्गेयकार. पुढे तो प्रतवारीही लावतो. मातु आणि धातु दोन्हींत श्रेष्ठ तो उत्तम. धातु बळकट पण मातु कमजोर असेल तो मध्यम. आणि शब्द कितीही रम्य असले तरी धातु दुबळा असेल, तर तो अधम. दुसऱ्याच्या धातूवर आपले शब्द बसवणाऱ्याला त्याने वेगळे नाव दिले आहे : कुट्टिकार.

हे शेवटचे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. आपल्या संगीत नाटकांतली कितीतरी पदे अशाच रीतीने झाली. ख्याल, ठुमरी, कानडी पदे यांच्या चाली घ्यायच्या आणि त्यांवर मराठी शब्द बांधायचे. १९१६च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा बड्या बंदिशींचा धातु मराठी घरांत पोहोचला. त्यात काहीच कमीपणा नाही. पण त्यामुळे मराठी श्रोत्याला एक सवय लागली. चाल ही कुठूनतरी 'येते' आणि कवी तिच्यावर शब्द 'लिहितो', असे त्याच्या मनात बसले. चाल करणारा माणूस या चित्रातून पुसट झाला. तरुणपणी संगीत नाटकांतून भूमिका केलेल्या प्रभाताईंनी ही व्यवस्था आतून पाहिली होती.

त्यांच्या घरात गाण्याची परंपरा नव्हती. १३ सप्टेंबर १९३२चा त्यांचा पुण्यातला जन्म, आई-वडील शिक्षणक्षेत्रातले. आईच्या आजारपणात मन रमावे म्हणून घरी गाण्याचे धडे सुरू झाले. आईचे धडे थोडक्यात थांबले, ते ऐकणारी आठ वर्षांची मुलगी मात्र पुढे गेली. विज्ञानाची पदवी, मग कायद्याची पदवी आणि त्याच्या जोडीने सुरेशबाबू माने यांच्याकडे तालीम. सुरेशबाबू हे अब्दुल करीम खाँ यांचे पुत्र. १९५३ साली ते गेले, तेव्हा प्रभाताईंनी विशीच गाठली होती. पुढची वाट हिराबाई बडोदेकरांच्या सोबतीने झाली. हिराबाई म्हणजे तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक.

मला यात एक महत्त्वाचा धागा दिसतो. ज्या वयात शिष्य गुरूकडून बंदिशींचा साठा भरून घेत असतो, त्या वयात त्यांचा गुरू गेला. सुरेशबाबूंची गायकी मिळाली, दृष्टी मिळाली, पण 'आमच्या घराण्यात या रागात हीच चीज गातात' हे सांगणारा माणूस फार लवकर उरला नाही. शिवाय किराण्याचा भर मुळात स्वराच्या आलापीवर. बंदिशीच्या अंगाने राग उलगडणाऱ्या ग्वाल्हेरवाल्याला चीज म्हणजे सर्वस्व. किराण्याच्या गवयाला ती पुष्कळदा समेवर येण्यापुरती खुंटी. ही दोन कारणे एकत्र आली की गायकासमोर एक मोकळी जागा तयार होते. कुणी ती तशीच ठेवतो. प्रभाताईंनी ती स्वतःच्या रचनांनी भरली. हा माझा तर्क आहे, पण त्यांच्या रचना पाहिल्या की तो पटण्यासारखा वाटतो.

आता त्या रचनांकडेच येतो. मारू बिहागातली 'जागू मैं' आणि कलावतीतली 'तन मन धन' या सर्वांत गाजलेल्या दोन. सत्तरच्या दशकात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्यांनी प्रभाताईंना घरोघरी नेले. एक साधा प्रयोग वाचकांनी करून पाहावा. चाल बाजूला ठेवून नुसते हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत.

पहिल्या बंदिशीच्या नावात आ, ऊ, ऐ, आ, ई, ऐ, आ असे एकामागून एक दीर्घ स्वर येतात. एकही जोडाक्षर नाही, ट-ठ-ड-ढ यांपैकी एकही कठोर वर्ण नाही. तोंड उघडे ठेवूनच ही ओळ म्हणता येते. कुठल्याही अक्षरावर थांबा, तिथून आलाप निघतो. कुठल्याही अक्षरावरून तान उचला, जीभ आड येत नाही. मारू बिहागात दोन मध्यम आहेत. तीव्र मध्यमाचे राज्य आणि शुद्ध मध्यमाचा अधूनमधून, षड्जाच्या आधाराने होणारा स्पर्श, यावर त्या रागाची ओळख अवलंबून. ही नाजूक हालचाल ऐकू यायची असेल तर शब्दाने मध्ये खडखडाट करून चालत नाही. इथले शब्द तो करत नाहीत.

'तन मन धन' याच्या अगदी उलट बांधणीची आहे. तीन शब्द, तिन्ही दोन-दोन अक्षरी, सगळे ऱ्हस्व आणि तिन्ही 'न'वर मिटणारे. इथे स्वर ताणायला जागाच नाही. जे मिळते ते ठोके आणि प्रत्येक ठोक्यानंतर नाकातला किंचित गुंजारव. कलावती हा सा, ग, प, ध आणि कोमल नी एवढ्या पाच स्वरांचा राग, कर्नाटक पद्धतीतल्या वलजी रागाशी जुळणारा. रिषभ नाही, मध्यम नाही, त्यामुळे स्वरांत मोठी अंतरे पडतात आणि गळ्याला उड्या माराव्या लागतात. अशा उड्यांना लांबलचक स्वरांचे शब्द दिले तर ते लोंबकळतात. आखूड, मिटणारी अक्षरे मात्र पायरीसारखी उपयोगी पडतात.

शब्द आणि राग यांची ही जुळणी योगायोगाने होत नाही. जिला आपला गळा ठाऊक आहे, रागाचा आकार ठाऊक आहे आणि अक्षराचा नादही ठाऊक आहे, अशा व्यक्तीने ती केलेली असते. मातु आणि धातु एकाच हाताचे आहेत, हे असे कळते. शार्ङ्गदेवाच्या कसोटीवर या दोन रचना धरल्या, तर पहिला आक्षेप मातूवर येईल, हे मी मान्य करतो. रात्रभर जागणारी विरहिणी, सर्वस्व ओवाळून टाकणारी प्रिया हे विषय ख्यालाला शेकडो वर्षे जुने आहेत. विज्ञान आणि कायदा शिकलेली, नभोवाणीत नोकरी केलेली, विद्यापीठात विभाग चालवलेली विसाव्या शतकातली स्त्री स्वतःची बंदिश रचते, तेव्हा तिची नायिका अजून तशीच का जागते आहे? हा प्रश्न मला बरेच दिवस टोचत होता.

त्याचे अर्धे उत्तर भाषेत आहे. 'जागू मैं'चा अर्थ मराठीत आणून पाहा : 'रात्रभर मी जागले'. अर्थ तोच, पण 'त्र' या जोडाक्षरावर श्वास अडकतो, 'भर'मधला महाप्राण धक्का देतो आणि शेवटच्या 'ले'खेरीज तान उचलायला सोयीची जागा राहत नाही. मराठी ही बोलण्याची, वाद घालण्याची, ओवी-अभंगाची भाषा. तिच्यात व्यंजनांचा कणा ताठ आहे. ब्रजभाषा आणि तिच्या आसपासच्या बोली ख्यालात शतकानुशतके घासून गुळगुळीत झाल्या आहेत. म्हणून भातखंडे 'चतुर' या नावाने, रातंजनकर 'सुजान' या नावाने, जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास' या नावाने आणि चिं. रा. व्यास 'गुणिजान' या नावाने रचना करत राहिले, त्या मराठीत नव्हेत. कुमार गंधर्वांनी माळव्याची बोली जवळ केली आणि विषयही बदलले. १९६५च्या 'अनूपरागविलास'मध्ये ते दिसते. प्रभाताईंनी या गाजलेल्या बंदिशींत विषय जुनाच ठेवला. त्यांना मराठीत लिहिता येत नव्हते असे नाही. 'अंतःस्वर' हा त्यांचा कवितासंग्रह आहे. म्हणजे म्हणायचे असे जे होते ते त्यांनी कवितेत म्हटले आणि गायचे असे जे होते ते बंदिशीत ठेवले. या वाटणीबद्दल रचनाकार म्हणून त्यांना थोडा उणेपणा देता येईल. कुमारांनी ही वाटणी मोडून दाखवली होती, हे विसरता येत नाही.

उरलेले अर्धे उत्तर मला त्यांच्या वेळेविषयीच्या विचारात सापडले. रागाचा विशिष्ट प्रहराशी असलेला संबंध अटळ नाही, तो संस्कारातून आलेला आहे, अशी शंका त्यांनी जाहीरपणे घेतली. आजच्या श्रोत्याला ती चटकन पटेल. सभागृहातली मैफल संध्याकाळी सुरू होते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा दंडक आला आणि रात्रभर चालणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाचे रूपही बदलले. उत्तररात्रीचे राग ऐकायचे तरी केव्हा? मुलीने मारू बिहाग गायला तेव्हा आमच्या ओटीवरही साडेआठच वाजले होते. आता गंमत अशी की, रागाला वेळेच्या बंधनातून सोडवू पाहणाऱ्या या बाईंची सर्वांत गाजलेली बंदिश रात्रीचे नाव घेऊनच सुरू होते. वरवर हा विरोध वाटतो. मला वाटते, तो विरोध नाही. घड्याळाने रात्र आणून दिली नाही, तर ती शब्दाने आणावी लागते. सात वाजता, वातानुकूलित सभागृहात, दिव्यांच्या झगमगाटात 'रैना' हा शब्द आला की रात्र तिथे हजर होते. जुना विषय इथे नव्या गरजेला उपयोगी पडला आहे.

त्यांच्या रचनाविचाराचा दुसरा पाया सरगम आहे. या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि डॉक्टरेट मिळवली. गाताना स्वरांची नावे घेण्याची ही रीत उत्तरेत आधी प्रामुख्याने रियाजाची मानली जाई. अब्दुल करीम खाँ यांचा म्हैसूर दरबाराशी संबंध आला, कर्नाटक संगीताचा त्यांच्यावर परिणाम झाला, त्यागराजांची कृतीही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. किराण्यातली सरगम त्या वाटेने आली, असे सामान्यतः मानले जाते. पुढे अमीर खाँ यांच्या सरगमीने प्रभाताईंच्या पिढीवर मोहिनी घातली. प्रभाताईंचे म्हणणे असे की, आकार आणि बोल यांच्यासारखेच सरगम हेही अभिव्यक्तीचे स्वतंत्र साधन आहे.

याला विरोधही झाला. तो समजून घ्यावा असा आहे. गायक 'ग' म्हणून गंधारच लावतो, तेव्हा तो श्रोत्याला व्याकरण सांगतो आणि काव्य बंद पडते, असे विरोधकांचे म्हणणे. मला त्यात तथ्य वाटते. काही मैफलींत प्रभाताईंची सरगम लांबत गेली की मी स्वतः अस्वस्थ झालो आहे. पण गायनात जी गोष्ट कधी जड होते, तीच रचनेत कामी आली, असे माझे मत आहे. सा-रे-ग-म ही अक्षरेही अक्षरेच आहेत. 'नि' आखूड आणि टोकदार, 'सा' लांब आणि उघडा, 'प' ठोक्याचा. ज्या कानाने वर्षानुवर्षे या सात अक्षरांचा नाद तोलला, तोच कान 'तन' आणि 'सारी' यांतला फरक तोलतो. सरगमीच्या अभ्यासाने त्यांना शब्दाचा ध्वनी शिकवला, असे मला वाटते.

नभोवाणीचाही वाटा धरला पाहिजे. साठच्या दशकात त्या आकाशवाणीत होत्या. तिथे गाण्याला मिनिटांची मोजणी असते. थोडक्या वेळात राग उभा करायचा तर बंदिशच नेमकी हवी. पहिल्या आवर्तनातच रागाचा चेहरा दिसला पाहिजे. पुढे १९७९ ते १९९२ या काळात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या त्या प्रमुख होत्या. तिथे रचना दुसऱ्यांच्या गळ्यात उतरवायची होती, वेगवेगळ्या वकुबाच्या मुलींच्या. मैफलीतला गवई स्वतःपुरती चीज बांधतो, ती त्याच्या गळ्यावर बेतलेली असते. शिक्षिकेला ती इतरांना पेलेल अशी करावी लागते. 'जागू मैं' अकरावीतल्या मुलीला पेलली आणि गाजलेल्या गायिकांनाही अपुरी वाटली नाही, याचे श्रेय मी या दोन नोकऱ्यांनाही देतो.

अपूर्व कल्याण, मधुरकौंस, पटदीप मल्हार, तिलंग भैरव, भीमवंती, रवी भैरव ही त्यांच्या नव्या रागांची नावे प्रत्येक परिचयात येतात. मी त्यांना कमी लेखत नाही, पण नव्या रागापेक्षा जुन्या रागातली टिकणारी बंदिश अधिक अवघड, असे माझे मत आहे. नवा राग पुष्कळदा त्याच्या कर्त्याबरोबर मावळतो. त्याला दुसरे गळे लागतात आणि ते सहसा मिळत नाहीत. मारू बिहाग किंवा कलावती यांत मात्र आधीच थोरांच्या रचना उभ्या असतात. त्या गर्दीत जागा मिळवायची, तीही पन्नास वर्षे टिकेल अशी, हे मोठे काम.

आणि इथेच मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. ज्या बंदिशीला इतकी पक्की जागा मिळाली, तिचे नाव 'पारंपरिक' कसे झाले?

वर मी चतुर, सुजान, गुणीदास, गुणिजान ही नावे घेतली. ही बंदिशीत गुंफायची मुद्रा. गाणारा कुणीही असो, कर्त्याची सही शब्दांतच राहते. या यादीत स्त्रीचे नाव शोधावे लागते. स्त्रियांनी काही रचलेच नसेल, हे मला अशक्य वाटते. ज्या बायकांनी शंभर-दीडशे वर्षे ठुमरी, दादरा, होरी जिवंत ठेवली, त्यांनी शब्द आणि चाली केल्या असणारच. पण त्या 'पारंपरिक' या गाठोड्यात गेल्या. गायिका म्हणून स्त्रीला मान मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. रचनाकार म्हणून तो मिळायला आणखी वेळ लागला. पुढच्या पिढीतल्या अश्विनी भिडे-देशपांडे यांचा 'रागरचनांजली' हा स्वरचित बंदिशींचा संग्रह २००४ साली आला, तोवर वाट जरा रुळली होती.

प्रभाताईंनी सही केली ती छापील पानावर. 'स्वरांगिणी', 'स्वरंजनी', 'स्वररंगी' या संग्रहांत त्यांनी आपल्या बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. हस्तलिखित वहीत दडवलेली चीज लग्नात आंदण देणाऱ्या घराण्यांच्या जगात हे मोठे पाऊल होते. भातखंड्यांनी इतरांच्या बंदिशी छापून जे केले, ते यांनी स्वतःच्या बाबतीत केले. याला कायद्याची एक बाजूही आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती'ची मूळ व्याख्या अशी होती की, ती छापलेली किंवा लिहून काढलेली असली पाहिजे. नुसती गळ्यात असलेली चाल कायद्याच्या दृष्टीने कृतीच नव्हती! ही अट १९९४च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे तोपर्यंत ज्या गवयाने आपली बंदिश कागदावर उतरवली नाही, तो कायद्याच्या नजरेत रचनाकार नव्हता. कायद्याची पदवी असलेल्या प्रभाताईंनी हे मनात धरून पुस्तके काढली, असे मी म्हणत नाही. पण ज्या काळात लेखणीशिवाय रचनेला अस्तित्व नव्हते, त्या काळात त्यांनी लेखणी उचलली, एवढे खरे. १८ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत त्यांची अकरा पुस्तके एकाच व्यासपीठावर प्रकाशित झाली. त्या घटनेकडे विक्रम म्हणून पाहिले गेले. मला त्यात लेखी नोंदीविषयीची त्यांची चिकाटी दिसते.

तरीही बंदिश पुस्तकातून शिकणारे थोडे, कानाने शिकणारे फार. जुन्या शास्त्रीय तबकडीच्या वेष्टनावर राग, ताल, साथीदार यांची नावे असत. बंदिश कोणाची, हे बहुधा नसे. सिनेमाच्या दीड मिनिटाच्या गाण्याला गीतकार आणि संगीतकार दोघांची नावे छापणारी आपली व्यवस्था ख्यालाच्या रचनाकाराला ओळीचीही जागा देत नव्हती. आज भ्रमणध्वनीवर ऐकताना तर गाणाऱ्याचे नाव दिसते, रागाचे दिसते आणि तिथेच सारे संपते.

आमच्या इथे नोंद पुसली जाण्याचे आणखी एक कारण असते. खाऱ्या हवेत कॅसेटी टिकत नाहीत, फितीला बुरशी धरते. शनिवारी रात्री साडेनऊच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमातून मी बरेच ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा माझ्या घराचीही कौले उडाली. फिती आणि वह्या दोन्ही भिजल्या. 'कोणती बंदिश कोणाची' याची माझी वही त्यात गेली. आज मी जे लिहितो आहे ते पुन्हा गोळा केलेले आहे. त्यामुळे नोंदीचे महत्त्व मला जरा जास्त जाणवते, हे कबूल करतो.

कुणी म्हणेल, बंदिशीचे पारंपरिक होणे हा तर रचनाकाराचा सर्वांत मोठा सन्मान. लोकांनी ती आपली मानली, आणखी काय हवे? हे म्हणणे मला मोहवते, पण पटत नाही. तुकोबांचा अभंग लोकांचा झाला म्हणून 'तुका म्हणे' कुणी गाळत नाही. नाव राहिले म्हणून अभंग कमी आपला झाला नाही. शिवाय नाव गेले की केवळ श्रेय जात नाही, वाचण्याची शक्यताही जाते. 'पारंपरिक' रचनेला आपण प्रश्न विचारत नाही. ती अशीच असते, असे धरून चालतो. एका माणसाने, एका विशिष्ट काळात, अमुक शब्द टाळून तमुक शब्द निवडले, हे कळले तरच त्या निवडीची पारख करता येते. मी वर त्यांच्या मातूला उणेपणा दिला. तो देता आला, कारण कर्ता ठाऊक होता.

आणखी एक उणीव नोंदवली पाहिजे आणि ती प्रभाताईंपेक्षा आपली आहे. त्यांच्या संग्रहांत कितीतरी रचना आहेत. गायल्या जातात त्या पुन्हा पुन्हा दोन-चारच. आपण रचनाकाराला त्याच्या एका यशात कोंडतो. भीमसेन जोशींनंतर सवाई गंधर्व महोत्सवाचा समारोप त्यांच्या गाण्याने होऊ लागला, हा मान मोठा. पण एखाद्या तरुण गायकाने तासभर फक्त प्रभा अत्रे यांच्या अपरिचित रचना गाव्यात, हा मान त्याहून मोठा ठरेल. तो अजून द्यायचा राहिला आहे.

महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी मी 'स्वरांगिणी'ची प्रत घेऊन श्रीवर्धनला गेलो. त्या मुलीच्या सरांना भेटलो. सज्जन माणूस. त्यांनी स्वतः ही बंदिश एका शिबिरात ऐकून उचलली होती, तिथेही कुणी नाव सांगितले नव्हते. मुलीने तिची वही काढली. बंदिशीवर तिने लिहिले होते : राग मारू बिहाग, ताल त्रिताल, मध्ये एक कोरी ओळ आणि मग शब्द. त्या कोऱ्या ओळीवर तिने माझ्यादेखत लिहिले, 'रचना : डॉ. प्रभा अत्रे'. मग पान उलटून तिने विचारले, "काका, ही पुढची भूपाची कोणाची?"

मला सांगता आले नाही. सरांनाही आले नाही. वहीत अशा तीस-चाळीस बंदिशी होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक ओळ कोरी होती.